प्यूजोचा गोतावळा

आमच्या घरच्या गाडीचं नाव प्रत्येक जण आपापल्या सोयीनं घेतो. पप्पा स्पेलिंग वाचून 'प्यूजिऑट' म्हणतात. आजी म्हणते 'डिझेलची गाडी'. शेजारच्या काकू तिला अजून फियाटच समजतात. आणि आप्पा, म्हणजे माझे आजोबा, नुसतं 'गाडी' म्हणतात. त्यांच्या लेखी जगात दुसरी गाडीच नाही. मी पडले कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे शेवटचा टी सायलेंट असतो, 'प्यूजो' असं म्हणायचं, हे ज्ञान मी घरात बरीच वर्षं फुकट वाटत आले. कुणी घेतलं नाही. धुळ्यात हा शब्द बरोबर म्हणणारा पहिला माणूस मला भेटला तो आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात, जीपखाली आडवा पडलेला. चाचांची शाळा चौथीत सुटली. पण 'प्यूजो इंजन' हे दोन शब्द ते चाळीस वर्षं म्हणतायत. ते कसं, ते पुढे येईलच.

मित्रांनो, खरं तर मला अंकाच्या इंग्लिश सेक्शनसाठी काहीतरी 'टेक्निकल' द्यायला सांगितलं होतं. पण या गाडीचं सगळं काम मराठी, हिंदी आणि अहिराणीत झालं. गॅरेजात मी 'ट्रेलिंग आर्म' म्हटलं की कुणी मान वर करत नसे, 'मागचा हात' म्हटलं की लगेच कुणीतरी पाना घेऊन उठायचं. तेव्हा हे मराठीतच लिहिणं भाग आहे. ऱ्हस्व-दीर्घ सरांनी तपासलंय.

आधी गाडीची ओळख करून देते. प्यूजो ३०९, डिझेल, मूळ रंग पांढरा, आताचा रंग ताकाचा. नोंदणी ऑक्टोबर १९९५ ची, पासिंग नाशिकचं. आप्पा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी ती १९९९ मध्ये नाशिकच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली.

तिला फ्रेंच गाडी म्हणायचं, पण तिचा जन्मदाखला थोडा गुंतागुंतीचा आहे. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीनं १९७८ मध्ये आपला युरोपातला धंदा प्यूजोला विकला. त्या धंद्याला प्यूजोनं 'टॅल्बट' हे जुनं नाव दिलं आणि टॅल्बट ॲरिझोना नावाची एक गाडी तयार करायला घेतली. गाडी तयार होईपर्यंत टॅल्बटच्या मोटारींची विक्री इतकी घसरली, की ते नावच मोडीत काढायचं ठरलं. मग त्याच गाडीवर प्यूजोचा सिंह बसवला आणि १९८५ मध्ये ती बाजारात आणली. आधीची गाडी ३०५, म्हणजे पुढची ३०६ हवी. पण ही रांगेतली नव्हती, हिला एकदम ३०९ नंबर मिळाला. ३०६ नंतर, १९९३ मध्ये आली. म्हणजे ३०९ आधी आणि ३०६ मागून! आमच्या कॉलेजच्या रोल नंबरांसारखंच. खालचा बराचसा सांगाडा धाकट्या २०५ चा, आणि सगळ्यात आधी ती बनली ती फ्रान्समध्येही नाही, इंग्लंडात. थोडक्यात, दत्तक गेलेलं पोर.

भारतात मोटारींचं लायसन्स राज १९९३ मध्ये संपलं. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. तिनं प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनू लागली. युरोपात तेव्हा ती निवृत्त होत होती. पण इथं पद्मिनी आणि ॲम्बॅसडरमधून उतरलेल्या माणसाला ती विमानासारखी वाटली, असं आप्पा सांगतात. मग सिएलो आली, ॲस्ट्रा आली, एस्कॉर्ट आली. कल्याणला संप, पैशाची ओढाताण, आणि त्याच सुमारास प्रीमियरचा फियाटशी दुसरा संसार. १९९७ मध्ये प्यूजोनं काढता पाय घेतला.

म्हणजे आप्पांनी १९९९ मध्ये गाडी घेतली तेव्हा तिची कंपनी देश सोडून गेलेली होती. म्हणूनच तर ती एका ओव्हरसियरला परवडली. सगळे म्हणाले, पार्ट मिळणार नाहीत. आप्पांनी ती पुढे २१ वर्षं चालवली.

मग काचबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांना. २०२० मध्ये आर.सी.चं नूतनीकरण झालं आणि त्याच वर्षी आप्पांनी किल्ली कपाटात ठेवली. गाडी कुसुंब्याच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. कुसुंबा म्हणजे साक्री रोडनं धुळ्यापासून वीसेक किलोमीटर. तिथं ती पाच वर्षं कोंबड्या, उंदीर आणि खताच्या रिकाम्या गोण्यांबरोबर राहिली.

२०२५ च्या मार्चमध्ये पप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली (ही लाथ का मारतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही) आणि २४ हजार म्हणाला. आप्पा ओट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत.

ते बोलले नाहीत हेच मला टोचलं. डोळे गेल्यापासून घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. कुणी वाईट वागत होतं असं नाही. सगळे फार काळजी घेत होते. पण दिवसभरात त्यांना दोनच प्रश्न विचारले जायचे: गोळी घेतली का, आणि चहा ठेवू का. ज्या माणसानं जिल्ह्यातले अर्धे पूल मोजलेत त्याला दिवसाला दोन प्रश्न.

मी पप्पांशी भांडले. पप्पा म्हणाले, "भावनेवर गाडी चालत नाही, डिझेलवर चालते." त्यांचं गणित सरळ होतं. आर.सी. ऑक्टोबरमध्ये संपणार. कायद्यानं 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला गाडी ५० वर्षांची लागते, हा नियम २०२१ मधला, आमची तिशीची. म्हणजे म्हातारी म्हणून मान नाही आणि तरुण म्हणून सोय नाही. शेवटी तह झाला: ऑक्टोबरपर्यंत पासिंग झालं तर गाडी राहील, आणि ५० हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. मी तेव्हा टी.ई. मेकॅनिकलच्या उंबरठ्यावर होते. पप्पांना वाटलं, पोरगी सबमिशनच्या ढिगाखाली हे विसरून जाईल.

मे महिन्यात ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून गाडी धुळ्याला आणली. स्टिअरिंगवर मी, ट्रॅक्टरवर चुलतभाऊ आणि मागे मोटरसायलवर निम्मं कुसुंबा.

आता ते दोन शब्द. चाचांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा, प्यूजो! पर ये तो छोटा भाई है." महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्स.डी.पी. ४.९० या डिझेल इंजिनाचं लायसन्स घेतलं होतं, आणि ते इंजिन आपल्या इगतपुरीला बनायचं. एम.एम. ५४० जीपमध्ये तेच. शिरपूर-दोंडाईचाकडे माणसं लटकवून पळणाऱ्या जीपा उघडतच चाचांची उमर गेली. मी ज्या नावाचा उच्चार घरात शिकवत होते, ते नाव खानदेशातल्या बाजारकऱ्यांच्या पायाखाली माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून गुरगुरत होतं. त्या इंजिनाचा आणि आमच्या इंजिनाचा एक नटही सारखा नाही. ते २१०० सी.सी.चं धूड, आमचं १५२७ सी.सी.चं. पण स्वभाव एक: दोघांतही डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, म्हणून दोघांनाही सकाळी हीटर प्लग तापवून द्यावे लागतात. चाचांना एवढी ओळख पुरे होती.

आणि आप्पांची वही. बांधकाम खात्यात मोजमापं ज्या वहीत लिहितात तिला एम.बी. म्हणतात, मेजरमेंट बुक. तिच्यात खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही, चुकलं तर रेघ मारून सही करायची. आप्पांनी गाडीसाठी तशीच जाड पुठ्ठ्याची वही घातली होती. पानांना नंबर. तारीख, किलोमीटर, काम, खर्च, शेरा. १९९९ ते २०२०. मला ती वाचायला सुरुवातीला त्रास झाला, कारण अक्षर ठसठशीत असलं तरी शब्द ओव्हरसियरचे: 'वंगण दिले', 'आस तपासला', 'चालू स्थितीत'. पण खरी किंमत 'शेरा' या रकान्याची होती. तिथं गाडीचं गणगोत लिहिलेलं होतं. टायमिंग बेल्ट: झेन डिझेलचा बसतो. ऑइल फिल्टर: तोच. हेडलाइटचा बल्ब: कुठलाही एच-४. वायपरचं रबर: पद्मिनीचं, कापून. आतली कडी: मिळत नाही, जपून वापरणे.

झेन डिझेल हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मारुतीनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये काढल्या, तेव्हा स्वतःचं छोटं डिझेल इंजिन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी प्यूजोचं घेतलं. टी.यू.डी.५, १५२७ सी.सी. नेमकं आमच्या ३०९ मधलं! कंपनी दारातून गेली आणि इंजिन खिडकीतून परत आलं. आप्पांना हे कसं कळलं, विचारलं. म्हणाले, "एका झेनचं बॉनेट उघडं दिसलं. मी थांबून पाहिलं." बस्स. गूगल नाही, काही नाही. रस्त्यात बॉनेट उघडं दिसलं की थांबून पाहायचं.

काम सुरू झालं ते मागच्या चाकांपासून, आणि जूनचा पूर्ण महिना तिथंच गेला. तेव्हा इथं जरा सविस्तर सांगते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या पानावरची कविता वाचावी.

गाडीची मागची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली होती आणि खालून फाकलेली, थकलेल्या बैलासारखी. २०५ आणि ३०९ ला हा रोगच आहे. या गाड्यांच्या मागे स्प्रिंगची वेटोळी नाहीत. खाली आडव्या दोन पोलादी सळया आहेत, प्रत्येक चाकाला एक. चाक एका हाताला (हाच तो मागचा हात) लावलेलं, आणि हात सळईला. चाक वर उचललं की सळईला पीळ बसतो, पीळ सुटू पाहतो आणि चाक पुन्हा खाली येतं. टॉर्शन बार! दुसऱ्या वर्षी टी बाय जे, टाऊ बाय आर, जी थीटा बाय एल हे सूत्र मी दहा मार्कांसाठी डोळे मिटून लिहिलंय. ते सूत्र ग्रीस लावून माझ्यासमोर लोंबकळत होतं.

हा हात सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर हलतो. बाहेरचं रबरी सील म्हातारं झालं की पाणी आत जातं. आमच्याकडची काळी माती एकदा आत गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही. बेअरिंग गंजतं, मग सुया ज्या शाफ्टवर फिरतात त्या शाफ्टलाच खड्डे पाडतात, हात सैल होतो आणि चाक फाकतं. आमच्या डाव्या बाजूचं बेअरिंग उघडलं तेव्हा आत सुया नव्हत्याच, तांबडा भुगा होता.

पण बेअरिंगपर्यंत पोचायला सळई बाहेर काढावी लागते, आणि ती तीस वर्षं एका जागी बसून जाम झालेली. चाचांकडचा पोऱ्या फागण्याचा, पक्का अहिराणी. तो गॅसची नळी घेऊन आला. "ताई, दोन मिनिटमा व्हई जाई." चाचांनी त्याला दोन शेलक्या शिव्या दिल्या. स्प्रिंगचं पोलाद लाल केलं की त्याचा ताठा कायमचा जातो, ही गोष्ट आपल्याला मटेरियल सायन्सच्या पेपरात पाच मार्कांना येते. चाचांनी ती शिवीत सांगितली. मग गंज सोडवणारं तेल दिवसातून तीनदा, असे चार दिवस. सळईच्या टोकाला आटे असतात, त्यात एक लांब बोल्ट बसवून त्यावर सरकणारा लोखंडी गोळा केला आणि तो मागे आपटून आपटून सळई इंचाइंचानं बाहेर ओढली. अख्खा आस खाली उतरवायला हॉस्टेलची सहा पोरं रविवारी आली, तीही मेसचं फीस्ट सोडून. त्यांच्या या त्यागाची नोंद या अंकात व्हावी अशी त्यांची लेखी मागणी होती, झाली.

सळई काढायच्या आधी आप्पांना रिक्षातून गॅरेजात आणलं होतं. स्टुलावर बसवलं. त्यांनी सांगितलं, "टोकावर ठिपका असेल बघ, पंचनं मारलेला. समोर हातावर दुसरा असेल." ग्रीस पुसलं तर दोन्ही ठिपके होते. २००७ मध्ये त्यांनीच मारून घेतलेले. सळईच्या दोन्ही टोकांना दाते असतात आणि दोन टोकांच्या दात्यांची संख्या मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे सळई थोडी फिरवून बसवली की हाताचा कोन अगदी किंचित बदलता येतो. व्हर्निअरचीच युक्ती. पण बसवताना हात नेमका किती उंचीवर धरायचा? त्यासाठी शॉकॲब्सॉर्बरच्या जागी ठराविक लांबीची एक ताठ पट्टी लावतात, तिनं हात जागेवर अडकतो, मग सळई आत सरकवायची. ती लांबी चुकली तर गाडी मागून बसकी तरी होते किंवा उकिडवी.

लांबी चाचांना माहीत नव्हती. मी शोध शोध शोधलं. जे आकडे सापडले ते एकमेकांशी जुळेनात. आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पान ४१." पान ४१ वर पट्टीचं चित्र होतं, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये, आणि खाली ओव्हरसियरची सही.

ते म्हातारे गृहस्थ त्या दिवशी स्टुलावर चार तास बसले. बाहेर काढलेली सळई त्यांनी मांडीवर घेतली आणि सगळ्या लांबीवरून बोटं फिरवली, सावकाश, दोनदा. पिळाचा ताण सळईच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो. तिथं खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असला की तिथूनच ती तुटते. आम्ही डोळ्यांनी पाहून 'ठीक' म्हटलं होतं. आप्पांची बोटं डाव्या सळईवर एका जागी थांबली. "इथं काय आहे?" बॅटरी लावून पाहिलं तर बारीक खड्ड्यांची एक ओळ. चाचा काही न बोलता उठले आणि मालेगावला फोन लावायला गेले.

मालेगावच्या भंगारात ३०९ नव्हती. दोन चकरा झाल्या एसटीच्या. शेवटी सळई मिळाली ती मुंबईत, कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात, चाचांच्या कुणा नात्यातल्याकडून. प्रीमियरचा जुना कारखाना कुर्ल्यालाच होता, हे योगायोगानं की कसं, देव जाणे. जाडी मायक्रोमीटरनं मोजून घेतली. सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा फरकही एक बाजू कडक आणि एक बाजू मऊ करतो. बेअरिंगं मात्र धुळ्यातच मिळाली. दुकानदारानं गाडीचं नाव विचारलंच नाही. म्हणाला, "नंबर सांगा." बेअरिंगवरचा नंबर बेअरिंगचा असतो, गाडीचा नसतो, मशीन कुठलंही असो, त्या मापाचं बेअरिंग तेच. खड्डे पडलेला शाफ्ट लेथवर उतरवून त्यावर कडक पोलादाची बाही चढवली आणि अवधान एमआयडीसीत ग्राइंड करून आणली. लेथचं काम कुठल्या वर्कशॉपमध्ये कुणी केलं, हे लिहायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

इंजिनाचं काम त्यामानानं सोपं गेलं. टाकीतलं जुनं डिझेल गूळ झालं होतं, ते काढलं. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. टायमिंग बेल्ट सुरू करायच्या आधीच नवा घातला, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि मग इंजिनाची शोकसभाच. झेनचा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दाते मोजले, जुळले. फ्रेंच लोकांची एक गोष्ट मला फार आवडली: पुल्यांना भोकं ठेवलेली आहेत, त्यांत बोल्ट घालून त्या जागेवर कुलूपबंद करायच्या आणि मग निवांत बेल्ट चढवायचा. खुणा जुळवत डोळे फोडायला नकोत. १७ ऑगस्टला, रविवारी, हातपंपानं डिझेल भरलं, हीटर तापवले, सेल्फ मारला. तिसऱ्या सेल्फला गॅरेज पांढऱ्या धुरानं भरलं. आप्पा म्हणाले, "एक सिलिंडर अजून झोपलंय." दहा सेकंदांनी तेही उठलं.

पत्राकाम आणि रंग यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गंज कापला, पत्रा जोडला, रंग जिथं गेला होता तिथंच मारला. जवळून पाहिलं तर दोन पांढऱ्या छटा दिसतात. परदेशी मासिकांत 'रिस्टोरेशन' म्हणून जे दाखवतात, आरशासारखी गाडी आणि शेजारी हसणारा मालक, ते आमच्या बजेटात बसत नव्हतं. पण बसलं असतं तरी मी केलं नसतं. आप्पांना आरसा दिसत नाही. त्यांना आवाज ऐकू येतो.

सप्टेंबरात पहिली चाचणी लळिंग घाटापर्यंत. पुढे आप्पा, मागे पप्पा, 'बघायला म्हणून' आलेले. चढावर काटा हळूहळू वर सरकू लागला. मला दिसत होता, पप्पांना दिसत होता. आप्पा म्हणाले, "थांबव. पंखा लागला नाही." गाडी कडेला घेतली. इतकं पाणी भरलेलं असताना पंखा का लागत नाही, म्हणून पप्पा वैतागले. आप्पांनी बसल्या जागेवरून सांगितलं: पाण्याच्या वाटेत हवा अडकली आहे. पंख्याचं बटण पाणी तापल्यावर चालतं, त्याच्याभोवती हवा असेल तर त्याला कळणार कसं? थंड होऊ द्या, मग वरच्या पायपांवर छोटे स्क्रू आहेत ते सोडा, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत पाणी ओतत राहा. तासाभरानं पप्पांनी स्वतः ते स्क्रू सोडले. "आप्पा, आता बंद करू का?" "धार सलग आहे का?" "थोडं थांबा... हो, आता आहे." "मग कर." पप्पा ५२ वर्षांचे आहेत. त्यांनी आप्पांना असं काही विचारलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

ऑगस्टमध्येच सरकारनं २० वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार केली होती. वर हरित कर, पी.यू.सी., विमा. पप्पांनी बेरीज केली: ६१ हजार ३००. माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि वरचे ११ हजार ३०० दिले. आर.टी.ओ.त तपासणीला दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेला हॉर्ननं ऐनवेळी मौन पाळलं. आर.सी. आता ऑक्टोबर २०३० पर्यंत आहे.

पप्पांचं एक म्हणणं मला मान्य आहे. हे इंजिन भारत स्टेजच्याही आधीचं, आणि पी.यू.सी. पास झाली तरी त्याचा धूर आजच्या गाडीच्या धुरासारखा नाही. म्हणून गाडी रोज निघत नाही. रविवारी निघते, आप्पांना घेऊन, कुसुंब्यापर्यंत आणि परत. एअरबॅग नाही, ए.सी. बंद, मागची डावी काच अर्ध्यावरच थांबते. परत आल्यावर वही काढायची. ते सांगतात, मी लिहिते. 'वंगण दिले', 'आस तपासला'. लिहून झालं की वाचून दाखवायचं. 'तपासला' ऐवजी 'चेक केला' लिहिलं तर रेघ मारून सही करावी लागते. झेन डिझेल आता स्वतःच भंगारात दिसतात, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात नवे नातेवाईक शोधायचं काम माझ्याकडे आलंय. कॉलेजच्या पार्किंगमध्ये उघडं बॉनेट दिसलं की मी थांबते. वहीची ७३ पानं झाली आहेत.

दोन वस्तू अजून हव्या आहेत. आतली कडी, आणि मागच्या डाव्या लाइटची काच. ती मालेगावला नाही, कुर्ल्याला नाही. चोपडा, शहादा, अमळनेर, साक्री, जिकडची तुम्ही मंडळी आहात, तिकडे कुणाच्या शेतात, गोठ्यात, पत्र्याखाली ३०९ उभी असेल तर मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये माझ्या नावानं निरोप ठेवा. काच डावीच हवी. उजवी आहे.